डोळ्यांना त्रास न देणारा मॉनिटर कसा निवडायचा: पायरी पायरीने

मागचा मॉनिटर घेतला तेव्हा आठवड्याभरात संध्याकाळी कपाळ ठणकायला लागलं. सगळे सांगतात तसं मी ब्राइटनेस ३० वर आणला, तर दुखणं वाढलं. मग २० वर आणला, आणखी वाढलं. वैतागून एकदा ब्राइटनेस पूर्ण १०० वर नेला आणि दुखणं गायब! डोळे दिपत होते पण डोकं मात्र शांत. हे काय उलटंच, म्हणून खोदकाम सुरू केलं आणि तेव्हा कळलं की त्या मॉनिटरची लाइट कमी ब्राइटनेसला सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू होत होती. बॉक्सवर मात्र कॉन्ट्रास्ट, रंग, गेमिंग सगळं होतं, ही एक गोष्ट सोडून. तेव्हापासून घरच्यांना, ऑफिसातल्यांना मॉनिटर सुचवायची वेळ आली की मी बॉक्सवरचे आकडे शेवटी बघतो. आधी अंतर, मग अक्षर, मग उजेड आणि मग बाकीचं सगळं, ह्याच क्रमाने जातो, तेच इथे सविस्तर लिहितोय.

पायरी ०: दोष मॉनिटरचाच आहे ना?

हे आधी बघाच, नाहीतर नवा मॉनिटर येईल आणि त्रास तसाच राहील. डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखं वाटतं, तर बहुतेक वेळा कारण कोरडेपणा असतो. स्क्रीनकडे टक लावून बघताना आपण पापण्या नेहमीपेक्षा खूप कमी वेळा मिटतो, त्यात पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर असेल तर झालंच, आणि ह्यावर कुठलाच मॉनिटर औषध नाही. अक्षरं धूसर दिसतात, थोड्या वेळाने फोकस सुटतो, तर आधी नंबर तपासून घ्या. चाळिशीच्या पुढच्यांनी तर नक्कीच, कारण वाचायच्या चष्म्याचा नंबर साधारण ४० सेंटिमीटरवरच्या पुस्तकासाठी काढलेला असतो आणि मॉनिटर असतो ६०-७० वर, म्हणजे तो चष्मा लावून स्क्रीन नीट दिसणारच नाही, आणि माणूस नकळत मान पुढे काढून बसतो. डोळे तपासायला जाताना स्क्रीनचं अंतर टेपने मोजून घेऊन जा आणि डॉक्टरांना आकडा सांगा, "कॉम्प्युटरवर काम करतो" एवढंच सांगून भागत नाही.

बसल्या बसल्या ३-४ मिनिटांत कपाळ जड होतं, डोळ्यांच्या मागे दाब आल्यासारखा वाटतो, आणि तोच माणूस दुसऱ्या स्क्रीनवर तासभर आरामात बसतो, असं असेल तर मग मॉनिटरवर संशय घ्यायला जागा आहे. (अचानक दोन दोन दिसणं, डोळ्यांपुढे विजा चमकल्यासारखं होणं, असलं काही असेल तर मॉनिटरचं राहू दे, तडक डॉक्टर गाठा.)

पायरी १: टेप घ्या, अंतर मोजा

बहुतेक लोक आधी साइज ठरवतात आणि मग टेबलावर मावेल का ते बघतात. उलटं करा. नेहमी बसता तसं बसा, पाठ टेकून, आणि डोळ्यांपासून स्क्रीन जिथे येणार तिथपर्यंतचं अंतर मोजा. साधारण एक हात लांब, म्हणजे ५५ ते ७५ सेंटिमीटरमध्ये कुठेतरी आकडा येतो. टेबल अरुंद असेल आणि ५० च्या आत येत असेल तर ३२ इंचीचा विचार सोडून द्या, कारण मग कोपरे बघायला मान फिरवत बसावं लागतं.

हा आकडा लिहून ठेवा, पुढच्या पायरीत लागणार आहे.

पायरी २: अक्षरं किती कोरीव दिसणार

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे घालायला हरकत नाही. दिवसभर आपण स्क्रीनवर बघतो काय, तर अक्षरं. अक्षराच्या कडा दातेरी दिसल्या की डोळा सतत फोकस लावायचा प्रयत्न करत राहतो आणि देवनागरी वाचणाऱ्यांना तर हे जास्तच जाणवतं, "ष्ट्य" नाहीतर "क्ष्म" असलं जोडाक्षर कमी पिक्सेलवर आलं की नुसता काळा ठिपका दिसतो, रफार आहे की मात्रा तेही कळत नाही.

अक्षर किती कोरीव दिसणार हे ठरतं पीपीआयवर, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल बसवलेत त्यावर. नेहमीचे आकडे असे (फुल एचडी, १४४०पी, ४के ही स्क्रीनवरच्या एकूण पिक्सेलची चढती मापं): २४ इंची फुल एचडी ९२, २७ इंची फुल एचडी ८२, २७ इंची १४४०पी १०९, ३२ इंची १४४०पी परत ९२, ३२ इंची ४के १३८ आणि २७ इंची ४के १६३. ३४ इंची अल्ट्रावाइड साधारण ११०, म्हणजे अक्षराच्या बाबतीत तो २७ इंची १४४०पीचाच भाऊ, फक्त रुंद.

आता एक सोपी युक्ती. चांगल्या नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक वेगळं दिसतं. त्यावरून हिशेब केला तर ८७३० ला पीपीआयने भागायचं, जे उत्तर येईल तितक्या सेंटिमीटरच्या पलीकडे बसलात तर पिक्सेल वेगळे दिसत नाहीत. करून बघा: ९२ ला ९५ सेंटिमीटर, १०९ ला ८०, १३८ ला ६३, १६३ ला ५४. म्हणजे तुम्ही ६५ सेंटिमीटरवर बसत असाल तर २४ इंची फुल एचडीवर अक्षरांचे दाणे थोडे दिसणारच, ४के वर दिसणार नाहीत. ९२ वर काम होत नाही असं नाही, अर्धं जग त्यावरच काम करतं, पण २७ इंची फुल एचडी मात्र दिवसभर वाचणाऱ्या माणसाने घेऊच नये, स्क्रीन मोठी मिळाली म्हणून आनंद होतो आणि दोन दिवसांनी कळतं की मोठे झालेत ते पिक्सेल.

"४के घेतला तर सगळं बारीक दिसेल ना?" हा प्रश्न मला दर वेळी येतो. नाही दिसणार, स्केलिंग लावायचं असतं, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं ठरावीक टक्क्यांनी मोठं करायचं. २७ इंची ४के ला विंडोजमध्ये १५०% स्केलिंग लावलं की सगळं १४४०पीवर दिसतं तेवढ्याच साइजचं दिसतं, फक्त प्रत्येक अक्षर काढायला दुपटीहून जास्त पिक्सेल मिळतात. जुनाट सॉफ्टवेअर असेल तर ते स्केलिंगला धूसर दिसू शकतं, तुमचं रोजचं काम अशाच एखाद्या जुन्या प्रोग्रॅमवर चालत असेल तर आधी तपासा. मॅकवाल्यांना वेगळी कटकट आहे, २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून मॅकओएसने सबपिक्सेलवाली अक्षरांची युक्ती (पिक्सेलमधले लाल-हिरवे-निळे ठिपके वेगवेगळे वापरून कडा गुळगुळीत करायची) काढून टाकली, त्यामुळे कमी पीपीआयच्या मॉनिटरवर तिथे अक्षरं विंडोजपेक्षा जास्त पुसट वाटतात. मॅक असेल तर ४के च्या खाली जाऊ नका, एवढंच सांगतो.

पायरी ३: लुकलुक, म्हणजे माझ्या डोकेदुखीचं मूळ

एलसीडी मॉनिटरच्या मागे एलईडीची लाइट असते. ती कमी करायच्या दोन पद्धती. एक सरळ, करंट कमी करायचा, लाइट खरोखर मंद होते, ह्याला डीसी डिमिंग म्हणतात. दुसरी पीडब्ल्यूएम, ह्यात लाइट पूर्ण जोरातच लागते पण इतक्या वेगाने बंद-चालू करतात की डोळ्याला सरासरी मंद वाटतं. ब्राइटनेस जितका कमी तितका बंद राहायचा वेळ जास्त, म्हणूनच माझं दुखणं ब्राइटनेस कमी केल्यावर वाढत होतं. स्वस्तातल्या जुन्या मॉनिटरमध्ये हा वेग २०० ते २४० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा) आसपास असायचा. डोळ्याला लुकलुक सरळ दिसत नाही, पण काहींना ती बाधते, काहींना अजिबात नाही, त्यामुळे "मला तर काही होत नाही" असं मित्राने सांगितलं तरी त्याला अर्थ नाही. एलईडीच्या लुकलुकीबद्दल आयईईई ह्या इंजिनिअरांच्या संस्थेने २०१५ मध्ये शिफारशी काढल्या, त्यांच्या हिशेबाने वेग ३००० हर्ट्झच्या वर गेला की काळजीचं कारण उरत नाही.

तपासायचं कसं? पेन्सिल घ्या. खोलीतले दिवे बंद करा (तेही लुकलुकतात, मग चोर कोण ते कळत नाही), स्क्रीनवर कोरं पांढरं पान पूर्ण स्क्रीन उघडा, ब्राइटनेस २०-२५ वर आणा आणि स्क्रीनपुढे पेन्सिल जोरात डावी-उजवीकडे हलवा, हातपंखा हलवतो तशी. पेन्सिलीची नुसती धूसर सलग सावली दिसली तर ठीक. एकाच वेळी दहा-बारा वेगवेगळ्या पेन्सिली पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या दिसल्या, तर लाइट लुकलुकतेय. हेच १०० ब्राइटनेसवर करून बघा, बहुतेक वेळा तिथे काड्या नाहीशा होतात आणि सगळा प्रकार तुमच्या डोळ्यांदेखत उघडा पडतो. मी माझ्या त्या मॉनिटरपुढे हे केलं तेव्हा हसावं की रडावं कळेना, महिनाभर डोकं दुखवून घेतलं आणि उत्तर टेबलावरच्या पेन्सिलीत होतं.

मोबाइलनेही होतं, कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/२००० वगैरे ठेवा, स्क्रीनवर काळे आडवे पट्टे सरकताना दिसले की समजा. साध्या व्हिडिओ मोडवर विसंबू नका, तो कधी पट्टे लपवतो, कधी नसलेले दाखवतो.

दुकानात डेमोचा मॉनिटर नेहमी फुल ब्राइटनेसवर ठेवलेला असतो, तिथे ही टेस्ट पास होणारच, म्हणून मेन्यूत जाऊन ब्राइटनेस खाली आणायचा, लाजायचं नाही. ऑनलाइन घेणार असाल तर जे लोक यंत्र लावून मॉनिटर मोजतात त्यांच्या रिव्ह्यूत लुकलुकीचा आलेख असतो, तो बघा. आणि "मोशन ब्लर रिडक्शन" नावाचं जे फीचर असतं ते मुद्दाम लाइट लुकलुकवतंच, ते गेमसाठी आहे, कामाच्या वेळी बंद ठेवा.

पायरी ४: पॅनेल कुठलं

पॅनेल म्हणजे स्क्रीनचा चित्र दाखवणारा भाग, त्याचे आयपीएस, व्हीए, टीएन, ओएलईडी असे प्रकार. इथे लोक फार भांडतात, मी थोडक्यात आटोपतो. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते) साधारण १०००:१, रंग कुठूनही सारखे दिसतात, दिवसा उजेडात काम करणाऱ्याने हेच घ्यावं. व्हीएचा ३०००:१ च्या आसपास, काळा खरा काळा दिसतो, अंधाऱ्या खोलीत बरा वाटतो, पण काळ्या बॅकग्राउंडवर स्क्रोल केलं की अक्षरांना शेपट्या फुटतात आणि बाजूने बघितलं तर रंग फिके पडतात. मधला पर्याय म्हणून आयपीएस ब्लॅक नावाचा प्रकार आलाय, २०००:१ वाला, जमत असेल तर चांगला. टीएन आता वाचायच्या कामासाठी कुणी घेऊ नये.

ओएलईडीचं मात्र थोडं सांगायला हवं, ह्यात मागे लाइट नसते, प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो. सिनेमा, गेम ह्यासाठी अप्रतिम. वाचायला? ह्यातले लाल-हिरवे-निळे ठिपके नेहमीच्या ओळीत नसतात, कुठे त्रिकोणात असतात, कुठे मध्ये पांढरा घुसवलेला असतो, आणि विंडोजची क्लिअरटाइप (कडा गुळगुळीत करायची पद्धत) अक्षरं सरळ ओळीच्या हिशेबाने काढलेली असतात, त्यामुळे अक्षरांच्या कडांना रंगीत किनार दिसते. पीपीआय जास्त असेल तर हे बरंच झाकलं जातं. शिवाय प्रत्येक रिफ्रेशला, म्हणजे चित्र नव्याने काढलं जातं तेव्हा, उजेडात बारीकसा खड्डा पडतो, लुकलुकीचा ज्यांना त्रास आहे त्यांनी आधी कुणाकडे तरी दोन तास बसून बघावं आणि मगच पैसे मोजावेत.

कोटिंग विसरू नका. मॅट, म्हणजे न चकाकणारं, असावं हे बरोबर, पण काही मॅट कोटिंग इतकं जाडंभरडं असतं की पांढऱ्या पानावर साखर पेरल्यासारखी चमचम दिसते, मान जरा हलवली की ती चमचम पण हलते आणि डोळा फोकस लावू कुठे म्हणून गोंधळतो. कोरं पांढरं पान उघडून जवळून बघितलं की लगेच कळतं.

पायरी ५: जास्तीत जास्त नाही, कमीत कमी ब्राइटनेस बघा

जाहिरात कायम ३५० निट्स, ४०० निट्स (निट्स म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप). घरातल्या नेहमीच्या उजेडात लागतात किती? १०० ते १५०. एसआरजीबीचं, म्हणजे स्क्रीनवरच्या रंगांचं, मूळ स्टँडर्डच ८० निट्सवर बेतलेलं आहे. प्रश्न उलटा विचारायचा, हा मॉनिटर शून्यावर नेला तर किती खाली जातो? काही मॉनिटर शून्यावर पण ८०-९० निट्स फेकतात, रात्री एकच दिवा लावून बसणाऱ्याला ते टॉर्चसारखं लागतं. मी ४० च्या खाली जाणारा शोधतो. रिव्ह्यूमध्ये हा आकडा दिलेला असतो, कंपनीच्या पानावर शोधू नका, मिळायचा नाही.

एचडीआरच्या (उजळ भाग आणखी उजळ दाखवणारा मोड) स्टिकरला पण भुलू नका, कामाच्या वेळी तो मोड बंदच ठेवायचा असतो.

पायरी ६: निळ्या प्रकाशाचं प्रकरण

ह्यावर सगळ्यात जास्त जाहिरात होते आणि सगळ्यात कमी फरक पडतो. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळे खराब होतात ह्याला पुरावा नाही, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही डोळ्यांच्या डॉक्टरांची संस्था कॉम्प्युटरसाठी निळा प्रकाश अडवणारे चष्मे घ्या असं सांगत नाही, आणि २०२३ मध्ये कोक्रेन ह्या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा ह्या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही, निदान थोड्या काळात तरी. रात्री झोपायच्या आधी स्क्रीन पिवळसर केली की मला स्वतःला बरं वाटतं, पण ते विंडोजच्या नाइट लाइटने किंवा मॅकच्या नाइट शिफ्टने फुकटात होतं.

सर्टिफिकेट बघणार असाल तर बारीक अक्षरं वाचा. टीयूव्ही राइनलँड ह्या तपासणी संस्थेच्या लो ब्लू लाइटमध्ये हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर असे दोन प्रकार असतात. सॉफ्टवेअरवाला म्हणजे तो पिवळा मोड चालू केलात तरच लागू, हार्डवेअरवाल्यात लाइटच वेगळी वापरलेली असते आणि पांढरा रंग पांढराच राहतो. दोन्हींपेक्षा मी त्याच संस्थेचं फ्लिकर फ्रीचं, म्हणजे लुकलुक नसल्याचं, सर्टिफिकेट आधी शोधीन, आणि तरीही पेन्सिल हलवीनच.

पायरी ७: रिफ्रेश रेट आणि स्टँड

६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १२० वर ८.३. दिवसभर लांबलचक शीट स्क्रोल करत असाल तर १०० किंवा १२० ला पान सरकताना अक्षरं कमी पुसतात, एकदा सवय लागली की ६० ओढल्यासारखा वाटतो. पण १२० साठी ४के सोडून फुल एचडी घेऊ नका, दिवसातला जास्त वेळ पान स्थिरच असतं.

स्टँड उंच-खाली होणारा हवाच. नुसता मागे-पुढे झुकणारा स्टँड असेल तर मागे १०० × १०० मिलिमीटरची वेसा भोकं आहेत का बघा, मग बाहेरचा आर्म लावता येतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली, आणि मध्यभाग साधारण १५-२० अंश खाली. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर लांबचा, खाली जवळचा नंबर) असेल तर आणखी खाली घ्या, नाहीतर खालच्या काचेतून वाचायला हनुवटी वर करून बसता आणि रात्री मान धरते, मग दोष परत मॉनिटरलाच.

पायरी ८: घरी आल्यावरचा पहिला तास

मॉनिटर लावल्यावर सुरू करायच्या आधी, बंद असतानाच समोर बसा. काळ्या स्क्रीनवर काय काय दिसतंय? खिडकी, ट्यूबलाइट, पांढरा शर्ट? जे दिसतंय ते काम करताना पण तिथेच असणार आहे, म्हणून खिडकी बाजूला येईल असा मॉनिटर फिरवा.

मग केबल. जुन्या एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झला चालतो, माउस अडखळल्यासारखा हलतो, आणि लोक मॉनिटरला शिव्या घालतात. डिस्प्लेपोर्ट असेल तर तीच केबल लावा. एचडीएमआयवर कधी कधी ग्राफिक कार्ड मॉनिटरला टीव्ही समजतं आणि रंगाची माहिती छाटून पाठवतं, मग निळ्यावर लाल अक्षरं चिकट, लडबडलेली दिसतात. ग्राफिकच्या सेटिंगमध्ये आरजीबी आणि फुल रेंज करा.

नंतर मेन्यूत जाऊन डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. ही फार छळवादी गोष्ट, काळी विंडो उघडली की उजेड खाली, पांढरी उघडली की वर, डोळ्यांच्या बाहुल्यांची दिवसभर कवायत. शार्पनेस मधल्या आकड्यावर ठेवा, वाढवला तर अक्षरांभोवती पांढरी कड येते. विंडोज असेल तर क्लिअरटाइपचा ट्यूनर एकदा चालवा, दोन मिनिटांचं काम.

ब्राइटनेससाठी कोरा कागद घ्या, स्क्रीनच्या शेजारी धरा आणि स्क्रीनवरचं पांढरं त्या कागदासारखं दिसेपर्यंत खाली आणत जा. स्क्रीन दिव्यासारखी वाटली तर जास्त आहे, राखाडी वाटली तर कमी. संध्याकाळी दिवे लागले की परत एकदा करा, दोन्ही आकडे चिकटवून ठेवा कुठेतरी. डार्क मोड हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग, पण ज्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं फुललेली दिसतात, त्यांनी उगाच फॅशन म्हणून लावू नये.

आता पहिले ४-५ दिवस मॉनिटरवर तुमचं नेहमीचं काम करा, सिनेमे नकोत. थोडं वेगळं वाटणारच, विशेषतः लहान लॅपटॉपवरून मोठ्या स्क्रीनवर आलात तर दोन दिवस डोळे भिरभिरतात, ते बसतं. पण पाचव्या दिवशी पण संध्याकाळी कपाळ धरत असेल आणि पेन्सिलीच्या काड्या दिसत असतील तर सवय होईल म्हणून वाट बघू नका, परत करा. मी वाट बघितली, परत करायची मुदत उलटून तीन दिवस झाले होते तेव्हा पेन्सिल हातात घेतली, आणि तो मॉनिटर आता कॅमेऱ्याचं फुटेज बघायला १०० ब्राइटनेसवर एका कोपऱ्यात लावलाय. खोका आणि थर्माकोल मुदत संपेपर्यंत माळ्यावर टाका, रद्दीत देऊ नका.